तिसऱ्या ओळीतली ऊब

पहाटे चार वाजता सखाहरी माने धुलाईचं बटण दाबायचा, आणि धूत मात्र काहीच नसे.

बटण दाबलं की तिसऱ्या ओळीवरचे कॅमेरे मिटायचे आणि काचेच्या खणांची दारं वर सरकायची. एकेका खणातून एकेक डुक्कर बाहेर यायचं. अशी सहा. सगळ्यात पुढे बुटकी. तिच्या कानातल्या बिल्ल्यावर सत्तावीस नंबर होता, पण नंबराने हाक मारायला सखाहरी काही तलाठी नव्हता. मधल्या वाटेवर गोणपाट अंथरून तो भिंतीशी बसायचा. बुटकी येऊन त्याच्या पाठीला अंग घासायची आणि धपकन पडायची, तिच्यावर दुसरं, त्याच्यावर तिसरं. पाच मिनिटांत सहा जनावरांचा आणि एका माणसाचा ढीग तयार. सात वाजता तो उठायचा, एकेकाला चुचकारत आपापल्या खणात घालायचा, दहा मिनिटांत खरीखुरी धुलाई उरकायचा आणि बटण बंद करायचा. यंत्राच्या वहीत नोंद पडायची, ‘तिसरी ओळ : धुलाई, तीन तास दहा मिनिटं.’ एवढी कसली धुलाई, असं यंत्राने कधी विचारलं नाही. यंत्रं हुशार असतात, चौकस नसतात.

आता डुकरांनी एकमेकांना चिकटून झोपायचं, तर त्यात चोरी कसली? तर ऐका.

साल दोन हजार एक्केचाळीस. मागच्या दहा वर्षांत डुकरांच्या तापाची साथ तीनदा आली आणि तिन्ही वेळा कळपच्या कळप गेले. तेव्हापासून नियम झाला की डुकराने डुकराला शिवायचं नाही. प्रत्येकाला काचेचा वेगळा खण, वेगळी हवा, वेगळी कुंडी. रोग माणसाच्या पायांनीही येतो, म्हणून माणसालाही तोच नियम. एका शेडला एकच राखणदार, त्याने आवारातच राहायचं. बाहेर पडला तर परत आत येण्याआधी चौदा दिवस वेशीवरच्या खोलीत एकट्याने काढायचे. निफाडजवळच्या त्या शेडमध्ये एकशेवीस डुकरं एकेकटी होती आणि सखाहरी एकशेएकविसावा.

या सगळ्यांवर लक्ष ठेवणारं यंत्र होतं, त्याचं नाव ‘समतोल’. त्याचं काम समजायला फार डोकं लागत नाही. डुकराच्या अंगात बारा महिने एकोणचाळीस अंश उष्णता लागते. बाहेरची हवा एका ठरावीक पट्ट्यात असली की अंग आपोआप तेवढं राहतं, आणि खाल्लेलं सगळं वाढीला लागतं. हवा त्या पट्ट्याच्या खाली गेली की खुराक आधी सरपणासारखा जळतो. ऊब राखून उरेल तेवढंच अंगाला लागतं. हवा पट्ट्याच्या वर गेली की वेगळीच तऱ्हा. अन्न पचवतानाही अंगात उष्णता तयार होते, म्हणून मे महिन्यात डुक्कर भरल्या कुंडीकडे नुसतं बघत पडून राहतं. पण खरी मेख पुढे आहे. हा पट्टा सगळ्यांना सारखा नसतो. लहान जनावराला थंडी लवकर वाजते, आणि उपाशी जनावराला पोट भरलेल्यापेक्षा लवकर वाजते. म्हणजे खुराक कमी करायचा तर ऊब वाढवा, ऊब कमी करायची तर खुराक वाढवा. मका महाग आणि वीजही महाग. समतोल दर दहा मिनिटांनी प्रत्येक डुकराचं वजन, श्वास आणि कातडीची उष्णता बघून ठरवायचा, याला किती अंश आणि किती ग्रॅम.

एक अडचण होती. राखणदार खणाजवळ आला की त्याच्या अंगाची ऊब मोजमापात मिसळायची. म्हणून ज्यांनी यंत्र घडवलं त्यांनी त्याला शिकवून ठेवलं होतं, माणूस दिसला की तो चित्रातून पुसून टाकायचा. समतोलच्या लेखी त्या शेडमध्ये सखाहरी नव्हताच.

तसा तो आणखी कोणाच्या लेखी फारसा होता असंही नाही. बायको ठकूबाई लेक सविताच्या बाळंतपणाला येवल्याला गेली ती तीन वर्षांपूर्वी. गेल्यावर महिन्याभरात एका शेडला एकच माणूस हा नियम आला आणि तिची आत परत यायची वाट बंद झाली, वेशीपर्यंत काय ती येऊ शकत होती. नात आता बोलायला लागली होती. ठकूबाईचा फोन रोज दुपारी यायचा.

“जेवलात का?”

“जेवलो. तू?”

“जेवले. थंडी आहे का?”

“आहे की.”

“जपा मग.”

झालं. तीन वर्षांत तो कधी ‘तुझ्यावाचून करमत नाही’ म्हणाला नाही आणि ती कधी ‘येऊ का’ म्हणाली नाही. तिला लेकीकडे बरं वाटत असेल, असं त्याला वाटायचं. तिला काय वाटत होतं ते त्याने विचारलं नाही. फोन ठेवला की शेडमधल्या पंख्यांची घरघर तेवढी ऐकू यायची, आणि त्याला कधीकधी इतकं एकटं वाटायचं की तो उगाच मोठ्याने खाकरायचा.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात पुण्याहून डॉ. नूपुर केळुसकर पडद्यावर आल्या. समतोलचं सगळं काम त्यांच्याकडे. वय तिशीचं, बोलणं भराभर, पण मनाने चांगल्या. ‘काका’ म्हणायच्या आणि ते तोंडदेखलं वाटायचं नाही.

“काका, तिसऱ्या ओळीतल्या सहा कमी वजनाच्या पिल्लांवर एक प्रयोग करतोय. हवा सोळा अंशांवर नेतोय आणि खुराक एक पंचमांश कमी. खाली कुठवर जाता येतं ते बघायचंय.”

“डॉक्टरबाई, आधीच ती मरतुकडी आहेत.”

“म्हणून तर! लहानांना जमलं की मोठ्यांना जमणारच. यंत्र बघत असतं हो, काळजी करू नका.”

बाहेर निफाडला पारा तीनवर उतरला होता. द्राक्षबागा वाचवायला लोक बांधावर शेकोट्या पेटवत होते. तिसऱ्या ओळीत बुटकी चारही पाय पोटाखाली घेऊन काचेला चिकटून बसली होती. तिच्या पाठीचे केस उभे होते. चौथ्या दिवशी तिने सखाहरीकडे बघायचंही सोडलं.

सखाहरी कैकाड्याच्या घरातला. बाप गोदावरीच्या काठाने डुकरं वळायचा. गावाने त्यांना कधी आत घेतलं नाही, डुकरांनी मात्र बाहेर ठेवलं नाही, असं बाप हसत सांगायचा. थंडीच्या दिवसांत पिल्लं एकावर एक पडायची आणि बाप पोरांनाही त्यांच्या शेजारी निजवायचा. “एकट्याला घोंगडी लागते, सहा जणांना काहीच लागत नाही,” असं म्हणून तो स्वतः कुडाशी आडवा व्हायचा. पंचावन्न वर्षांच्या सखाहरीला ते आठवलं आणि त्याचा हात बटणाकडे गेला. रोगाची भीती त्यालाही होती. पण ही सहा एकाच आईची पिल्लं, आवारात साथ नाही, आणि जनावर डोळ्यांदेखत विझत होतं. नियम गेला खड्ड्यात, असं तो पुटपुटला.

पहिल्या दिवशी फक्त एक तास. मग दोन, मग तीन. पहाटेची थंडी सगळ्यात वाईट, तेवढी निघाली की दिवसाचं निभायचं. आठवड्यात बुटकी कुंडी चाटूनपुसून साफ करायला लागली.

आणि खरं सांगायचं तर, गरज एकट्या बुटकीची नव्हती. पाठीला काहीतरी जिवंत, गरम, श्वास घेणारं टेकलेलं असलं की सखाहरीला तिथेच डुलकी लागायची. खोलीत गादीवर ती लागत नसे.

संक्रांत झाली आणि नूपुरबाई पडद्यावर आल्या त्या हसतच.

“काका, तुम्ही कमाल केलीत! तिसरी ओळ दिवसाला चारशेतीस ग्रॅम वाढेल असा अंदाज होता. वाढली पाचशेसाठ! सोळा अंशांत, कमी खुराकावर! समतोल नवीन गणित शिकला. वरच्या लोकांनी मान्यतासुद्धा दिली.”

“कसली मान्यता?” सखाहरीने विचारलं.

“ते सांगते. आधी तुमचं ऐका. येवल्याजवळ नवीन प्रशिक्षण केंद्र होतंय. तिथे राखणदारांना शिकवायला तुमचं नाव गेलंय. आणि काका, तिथे कुटुंबासह राहायची सोय आहे. दोन खोल्या.”

पुढचं काही त्याच्या कानात शिरलंच नाही. कुटुंबासह, हा एकच शब्द त्याच्या डोक्यात घुमत राहिला.

दुपारी ठकूबाईचा फोन आला. त्याने सांगितलं.

“किती मोठ्या आहेत खोल्या?” तिने विचारलं.

“बघितल्या कुठं अजून?”

“स्वयंपाकाच्या खोलीला खिडकी आहे का विचारा. आणि माझा पाटा इथं आहे, तो घेऊन येईन. लोखंडी तवा सवितालाच राहू दे. गोधड्या किती आहेत तुमच्याकडं? एकच असेल. मी चार शिवल्यात.”

“चार? कोणासाठी?”

“कोणासाठी म्हणजे? बसल्या बसल्या शिवल्या. कधी जायचं?”

तिने एवढं बोलून तीन वर्षं झाली होती. फोन ठेवल्यावर सखाहरी शेडच्या दारात उभा राहून एकटाच हसला आणि लगेच घाबरला. हे सगळं कशावर उभं होतं ते त्याला ठाऊक होतं. पण म्हटलं, जाऊ दे. सहा डुकरं जगली, कोणाचं काय वाईट झालं? मूग गिळून बसायचं आणि पाटा आणायला माणूस पाठवायचा.

चार दिवसांनी नूपुरबाईंनी पडद्यावर एक चित्र दाखवलं. “हे बघा तुमच्या मेहनतीचं फळ. चाळीस शेडमध्ये कालपासून सोळा अंश सुरू झालं. पुढच्या महिन्यात चारशे. किती शांत झोपलीत बघा!”

काचेच्या खणांची लांबच लांब ओळ होती. प्रत्येकात एक डुक्कर. सखाहरीने डोळे बारीक केले. डुकराला ऊब असली की ते कुशीवर पडतं, पाय ताणून, एखाद्या शेटजीसारखं. या चित्रातलं एकही कुशीवर नव्हतं. सगळी पोटावर बसलेली, पाय अंगाखाली दुमडलेले, आणि प्रत्येकजण शेजारच्या काचेला चिकटलेला. काचेच्या पलीकडचाही इकडच्या बाजूला चिकटलेला. दोघांच्या मध्ये बोटभर काच.

“झोपलीत,” सखाहरी म्हणाला.

“समतोलही हेच म्हणतो. हालचाल कमी, विश्रांती चांगली.”

हालचाल कमी नाही तर काय होणार, गारठलेलं जनावर नाचेल की काय? त्याला ओरडावंसं वाटलं. पण तो गप्प राहिला. दुपारी ठकूबाईने विचारलं, “खिडकीचं विचारलंत का?” तो म्हणाला, “विचारतो.” आवाज असा निघाला की ती म्हणाली, “सर्दी झाली का तुम्हाला?”

दुसऱ्या दिवशी पहाटे तो गोणपाटावर बसला. बुटकी पाठीला टेकली. तिची ऊब पाठीत शिरली आणि त्याच्या डोळ्यांसमोर ती लांबच लांब ओळ आली. एका शेडमध्ये एकशेवीस. चाळीस शेड. पुढे चारशे. त्या सगळ्यांचं गणित त्याच्या चोरीवर बेतलेलं. त्यांच्या राखणदारांनाही ते दिसत असेल आणि तेही म्हणत असतील, यंत्र बघतंय. बोललं तर ठकू जाते. नाही बोललं तर ही हजारो जनावरं हिवाळाभर खुराक जाळत कुडकुडणार. “माणसाची बायको मोठी की डुकरं?” त्याने बुटकीला विचारलं. ती घोरत होती. त्याला बापाचा राग आला, की असलं काही शिकवून ठेवलंच कशाला.

सात वाजता त्याने उठून दारं लावली नाहीत. तसाच बसून राहिला. बटण बंद केलं, कॅमेरे उघडले आणि त्याने नूपुरबाईंना हाक दिली.

त्या पडद्यावर आल्या, केस न विंचरलेले. “काका? काय झालं? दारं उघडी का आहेत? अहो, ती एकत्र—”

“रोजच असतात,” सखाहरी म्हणाला. “पहाटे चार ते सात. धुलाई नसते ती. तुमचं सोळा अंश खोटं आहे, बाई. ती सोळावर वाढली नाहीत. ती एकमेकांवर वाढली.”

त्याने सगळं सांगितलं. नूपुरबाईंचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल.

“दीड महिना! काका, दीड महिना तुम्ही मला सांगितलं नाहीत? मी वरपर्यंत सही करून पाठवलंय हे!”

“सांगितलं होतं. मरतुकडी आहेत म्हणून. तुम्ही म्हणालात, यंत्र बघतंय.”

नूपुरबाईंनी खुर्ची पुढे ओढली. “चाळीस शेडचं ते चित्र तुम्ही पाहिलंत तेव्हा तुम्हाला कळलं होतं?”

“बघताक्षणी.”

“मला कळलं नाही,” त्या हळूच म्हणाल्या. “ढिगात असली की उघडं अंग कमी, म्हणून थंडी कमी. साधी गोष्ट आहे. आम्ही खण वेगळे केले आणि सोबतीचा आकडाच गणितातून गेला.” त्यांनी डोळ्यांवरून हात फिरवला. “आजच सगळीकडे ऊब वाढवते. पण काका, तुम्हाला मी वाचवू शकणार नाही. जनावरं एकमेकांना शिवली, तुम्हाला शिवली. तुम्हाला वेशीवरच्या खोलीत जावं लागेल. आणि येवल्याचं...”

“कळलं.”

“काही सांगायचंय का वर?”

“बुटकीला मारू नका. तपासा आधी.”

दुपारी त्याने ठकूबाईला सांगितलं. आडपडदा न ठेवता, एका दमात. “खोल्या गेल्या. नोकरीही गेलीच म्हण.”

ती म्हणाली, “डुकरांसाठी?”

“हां.”

फोन बंद झाला. त्याने पुन्हा लावला नाही. आपल्या हाताने आपल्या पायावर धोंडा मारून घेतलाय, आता ओरडायचं कोणासमोर?

वेशीवरची खोली दहा बाय दहाची. एक खाट, एक संडास, जेवण आत सरकवायची फट आणि बाहेरच्या रस्त्याकडे एक मोठी काच. तिलाही समतोल जोडलेला, फक्त इथे आतला माणूस तो मोजायचा आणि बाकी कोणी दिसलं तर पुसायचा. भिंतीवर आकडा दिसायचा, चोवीस. सखाहरी गोधडी पांघरून बसायचा आणि तरी त्याला हुडहुडी भरायची. तिसऱ्या दिवशी त्याने सांगितलं तेव्हा नूपुरबाईंनी सव्वीस केलं. पाचव्या दिवशी सत्तावीस.

“ताप नाही तुम्हाला, काका. सगळ्या तपासण्या स्वच्छ आहेत. सत्तावीस अंशांत कशी थंडी वाजते?”

“वाजते खरी.”

ठकूबाईचा फोन आला नाही. सहाव्या दिवशीही नाही. रोज दुपारी एक वाजला की तो फोन हातात घेऊन बसायचा आणि दोन वाजता खाली ठेवायचा.

सातव्या दिवशी नूपुरबाईंनी त्याला तिसरी ओळ दाखवली. वरून परवानगी घेऊन मधल्या काचा काढल्या होत्या. सहा जणांना मिळून एकच मोठा खण, आणि समतोलच्या गणितात सोबतीचा नवा आकडा. हवा सोळाच होती. ढिगात बुटकी मधोमध पडली होती, कुशीवर, पाय ताणून.

“बघा, आता खरंच सोळा चालतंय,” त्या म्हणाल्या. “तपासणीत सहाही निरोगी निघाली.”

त्याला मनापासून आनंद झाला. शेवटी बाजारातच जायचंय त्यांना, हे तो जाणून होता, पण तोवरचे दिवस तरी सुखाचे. तो बराच वेळ बघत राहिला. दारातून नवीन राखणदार गेला तर बुटकीने मान वर करून पाहिलंही नाही. तिला आता कोणाच्या पाठीची गरज नव्हती. तसंच व्हायला हवं होतं. तरी पडदा बंद झाल्यावर तो भिंतीकडे तोंड करून रडला.

नवव्या दिवशी सकाळी काचेवर टकटक झाली.

बाहेर ठकूबाई उभी होती. डोक्यावर पदर, पायाशी गोधड्यांचं गाठोडं, आणि शेजारी फडक्यात बांधलेला पाटा. एसटीतून उतरून वेशीपर्यंत दोन कोस हे सगळं तिने कसं आणलं, देव जाणे. भिंतीतल्या जाळीतून आवाज जात होता.

“अगं, पाटा कशाला आणलास?” सखाहरीने विचारलं.

“सविताच्या घरी ठेवून काय करू? ती मिक्सरवाली.” तिला धाप लागली होती. “आठ दिवस राग होता मला. मग म्हटलं, राग येवल्यात बसून करायचा की इथं येऊन? खोल्यांचं जाऊ द्या हो. तीन वर्षांत एकदा ‘ये’ म्हणाला असतात तर मी काय खिडकी विचारत बसले असते?”

“मला वाटलं, तुला तिकडं बरं वाटतंय.”

“आणि मला वाटलं, तुम्हाला डुकरांत बरं वाटतंय.”

मग ठकूबाई म्हणाली, “अजून किती दिवस?”

“पाच.”

“उजाड माळ आहे सगळा. बसते मग.” तिने एक गोधडी ओट्यावर अंथरली, दुसरी खांद्यावरून घेतली आणि काचेला पाठ टेकून खाली बसली. सखाहरी आतून तसाच खाली बसला आणि त्याने तिच्या पाठीला पाठ लावली. मध्ये बोटभर काच होती. ती नातीचं काहीबाही सांगत राहिली. तो हं हं करत राहिला.

तासाभराने त्याने नूपुरबाईंना हाक दिली.

“बाई, जरा कमी करा. उकडतंय.”

“उकडतंय?” त्यांनी आकडे पाहिले. “काका, बदल काहीच नाही. बाहेर नऊ अंश, आत सत्तावीस. समतोल म्हणतोय खोलीत एकच जण आहे.”

“त्याला दिसत नाही. तुम्ही बघा.”

नूपुरबाईंनी कॅमेरा वळवला. चित्रात काचेशी टेकलेला सखाहरी होता आणि त्याच्या मागे समतोलने पुसून टाकलेली एक पांढरी जागा, बसलेल्या माणसाएवढी. त्यांनी पुसण्याची सोय बंद केली. पांढऱ्या जागेत हिरवं लुगडं उमटलं, मग गोधडी, मग पाटा.

मग त्यांनी खोलीच्या गणितात सोबतीचा आकडा एकाचा दोन केला आणि ऊब बावीसवर आणली.